फोन आपला, गोष्ट तिची

(शहापूर, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. उदाहरणांमधले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



मला दिलेला विषय ‘मोबाईलची सुरक्षितता’ असा आहे. या विषयावर आपल्याकडे पोलीस येतात, बँकेचे अधिकारी येतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, एवढं सांगून चहा घेऊन जातात. ते चुकीचं नाही. पण त्यातला चोर नेहमी दूरचा, अनोळखी असतो. मला आज ओळखीच्या माणसांबद्दल बोलायचं आहे. काही आपल्या घरातली, काही आपल्या ऑफिसातली. आपल्यापैकी बहुतेकींकडे फोन एकच आहे, आणि त्या एका फोनमध्ये घरही राहतं आणि कामही राहतं. दोघांच्या मध्ये भिंत नाही.

आपल्या गॅलरीत काय काय असतं ते आठवा. भाचीच्या साक्षगंधाचे फोटो, शेताचा सातबारा, मुलाची मार्कशीट. आणि त्याच रांगेत एका बाईच्या पाठीवरचे वळ, एकीचा एफआयआर, एकीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, एका अल्पवयीन मुलीचा शाळेचा दाखला. नंबरांच्या यादीत दूधवाला, गॅसवाला, आणि नावापुढे ‘केस’ असं लिहून ठेवलेल्या दहा-पंधरा बाया. मुलगा गेम खेळायला फोन घेतो. नवरा हवामान बघायला घेतो. नणंद साडीचं डिझाइन दाखवायला घेते. त्या वळांच्या फोटोवरून सगळ्यांची बोटं फिरतात.

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. पहिल्याच वर्षी व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं शिकवली. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये ती मांडली आणि आजही भारतभर समाजकार्याच्या वर्गात ती पाठ होतात. त्यात एक तत्त्व गोपनीयतेचं. आमच्या डोळ्यांसमोर तेव्हा लोखंडी कपाट असायचं. केसची फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली ताईंच्या पर्समध्ये. संध्याकाळी कुलूप लावलं की ती बाई ऑफिसात राहायची आणि आपण घरी जायचो. आता कपाट पर्समध्ये आलं आहे. ते आपल्याबरोबर एसटीत बसतं, स्वयंपाकघरात ओट्यावर राहतं आणि रात्री उशाशी झोपतं.

आणि हे कपाट मुळात आपलं असतं का? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०० पैकी साधारण ५४ बायकांकडेच स्वतः वापरतात असा मोबाईल होता. आपण त्या ५४ मधल्या. तरीसुद्धा फोन हप्त्यावर नवऱ्याने घेतलेला असतो, दुकानात बसून मुलाने किंवा दुकानदाराने सुरू करून दिलेला असतो, आणि सुरू करताना जीमेल टाकलेलं असतं ते मुलाचं. मग आपण साठवलेला प्रत्येक नंबर त्या खात्यात जाऊ शकतो. फोटोंचा बॅकअप सुरू असेल तर फोटोही. मुलगा पुण्याला शिकतो आणि आपल्या केसमधल्या बाईचा नंबर त्याच्या फोनमध्ये दिसतो, हे मी बघितलेलं आहे. त्या पोरानं काही केलं नव्हतं. त्याला माहीतही नव्हतं.

एक हकीकत सांगते. एका तालुक्यातल्या सल्ला केंद्रात एक बाई आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घर सोडून मावशीच्या गावी गेली. पोचल्यावर तिनं आपल्या कार्यकर्तीला मेसेज केला: ‘ताई मी मावशीकडे पोचली.’ कार्यकर्तीचा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर मेसेज पूर्ण दिसला, नावासकट. कार्यकर्तीच्या दिरानं तो वाचला. दिराच्या सासुरवाडीकडून त्या बाईच्या नवऱ्याची सोयरीक. त्यानं काही वाईट हेतूनं सांगितलं असंही नाही. ‘तुमची मंडळी सुखरूप आहे, काळजी करू नका,’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चार माणसं घेऊन मावशीच्या दारात.

बाई जिवंत आहे. पण तिनं पुन्हा केंद्रात पाय ठेवला नाही. त्या गावातून त्यानंतर दोन वर्षं एकही तक्रार आली नाही. तिथली मारहाण थांबली असं कुणी समजू नये.

मुंबई-पुण्याकडच्या प्रशिक्षणात मला हॅकरची भीती घालतात. मला मनात हसू येतं. भंडारा जिल्ह्यात हॅकर लागत नाही, सोयरा पुरतो. शहरात माहिती फुटली तर अनोळखी माणसाच्या हाती पडते, आपल्याकडे ती थेट त्याच माणसाच्या हाती पडते ज्याच्यापासून बाई पळाली आहे. गावं लहान, नाती गुंतलेली, कार्यकर्ती त्याच पंचक्रोशीतली. म्हणून आपल्याला शहरातल्यांपेक्षा जास्त पक्की भिंत हवी, आणि साधनं आपल्याकडे कमी आहेत.

नाव गुप्त ठेवण्याचा कायदा आपल्या देशात कुठून आला हेही आठवायला हवं, कारण तो आपल्याच वैनगंगेच्या काठावरून आला. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि त्या बदलात भारतीय दंडविधानात २२८-अ हे कलम आलं: अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ झालं आहे. जिच्यामुळे हे कलम आलं तिचं नाव मात्र देशभर झालं, पुस्तकांत छापलं गेलं, त्या प्रकरणाला आजही तिच्याच नावानं ओळखतात. मी इथे ते घेत नाही.

मुलांच्या बाबतीत पोक्सो कायदा आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये ५-अ कलम आलं, डॉक्टरला बाईचं नाव उघड करता येत नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाच्या २०१३ च्या कायद्यात कलम १६ आहे. हे सगळे कायदे लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्र होतं, कोर्ट होतं, डॉक्टर होता. ओट्यावर पडलेला आशाताईचा फोन कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हता.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. खाजगीपणा हा शब्द आपल्या चळवळीला फार काळ शत्रूसारखा वाटला. ‘घरातली बाब आहे, घरात मिटवा,’ हे वाक्य ठाण्यात किती जणींनी ऐकलं आहे! त्या घराच्या दाराआडचं बाहेर आणण्यासाठी आपण भांडलो. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसेचा कायदा आला, ते याच भांडणातून. आणि आता आपणच खाजगीपण मागतो आहोत, हे उलटं नाही का, असं मला एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं होतं. मला ते उलटं वाटत नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, त्यातही स्त्रीवाद्यांची ही शंका विचारात घेतलेली आहे. घराचं खाजगीपण वेगळं आणि बाईचं खाजगीपण वेगळं. घराचं खाजगीपण म्हणजे बहुतेकदा घरातल्या पुरुषाचं. बाईनं आपली गोष्ट कुणाला सांगायची हे बाईनं ठरवायचं. तिनं मला सांगितली म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितली असं होत नाही.

आता भिंतीच्या दुसऱ्या बाजूला येऊ. घराला जसं कामात डोकावता येऊ नये, तसं ऑफिसला आपल्या घरात डोकावता येऊ नये. हे आपण फार कमी बोलतो. ‘माझ्या फोनमध्ये काय आहे लपवण्यासारखं,’ असं म्हणून सोडून देतो.

अंगणवाडी सेविकांना आठवत असेल. २०१९ मध्ये राज्यात त्यांना सरकारी मोबाईल मिळाले. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं, तेही इंग्रजीतून. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर ते धड चालेना, फोन तापायचे, बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या अंगावर. मग स्वतःच्या फोनवर ॲप टाका, असा दबाव सुरू झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. वर्तमानपत्रांनी ती बातमी निकृष्ट फोनची म्हणून छापली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारी काम सरकारी फोनवर होईल, माझ्या घरच्या फोनवर नाही, असं बायकांनी एकत्र येऊन म्हटलं होतं. मुलाचं वजन, आईचा आधार नंबर, गरोदरपणाची नोंद, हे सगळं नवऱ्यानं हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये का भरायचं? १ जुलै २०२५ पासून तर घरी न्यायचा आहार देताना चेहरा ओळखण्याची सक्ती आली. लाभार्थी बाईचा फोटो, तिच्या नोंदलेल्या नंबरावर ओटीपी. तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचा, आणि नवरा कामाला नागपूरला किंवा हैदराबादला.

त्याच २०२१ मध्ये हरियाणाच्या आशा कार्यकर्त्यांनी वेगळं भांडण केलं. त्यांच्या सरकारी फोनमध्ये ‘एमडीएम ३६० शील्ड’ नावाचं ॲप होतं. आपण कुठे आहोत ते वर कळतं आणि आपल्या फोनचा ताबा दुसऱ्याच्या हाती राहतो, अशी त्यांची तक्रार. काम चोवीस तासांचं नाही, मानधन तुटपुंजं, आणि नजर मात्र चोवीस तास! लांब कशाला जा, आपल्या नागपूर महानगरपालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. चंदीगडमध्येही बांधली. हे घालून शौचालयात जायचं का, असं तिथल्या बायकांनी विचारलं.

सरकारला कामाचं आणि खाजगी वेगळं ठेवणं जमत नाही असं नाही. इथून जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे. तिथे आत कामावर जाताना स्वतःचा मोबाईल नेता येत नाही, हे इथल्या कितीतरी घरांना माहीत आहे. दारूगोळ्याचं गुपित असेल तर फोन दारात ठेवायचा. बाईच्या गर्भपाताचं गुपित असेल तर ते आशाताईच्या खाजगी व्हॉट्सॲपवर चालतं.

बरं, आता करायचं काय. सगळ्यात बरं म्हणजे दोन फोन. हे संस्थेनं द्यायचं, त्याबद्दल शेवटी बोलते. पण आज एकच फोन आहे असं धरून चालू.

पहिली गोष्ट, फोनमध्ये खातं कुणाचं आहे ते बघा. सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा. तिथे मुलाचा, नवऱ्याचा, दुकानदाराचा जीमेल असेल तर बाकी सगळी कुलपं फुकट आहेत. मालकी त्या खात्याची असते. त्या खात्यावरून फोन कुठे आहे ते दुरून बघता येतं, फोन पुसूनही टाकता येतो. स्वतःचं नवं खातं काढा, पासवर्ड स्वतःचा, आणि पासवर्ड विसरला तर कोड ज्या नंबरावर येतो तो नंबरही स्वतःचा. मग बोटांचे ठसे बघा. आपल्या फोनमध्ये तीन-चार ठसे नोंदलेले निघतात आणि त्यातला एकच आपला असतो. झोपलेल्या बाईचं बोट धरून फोन उघडल्याचे प्रकार आपण ऐकतोच. जिथे अशी भीती आहे तिथे ठसा काढून टाका, आकड्यांचा पिन ठेवा, सहा आकडी ठेवा. लग्नाची तारीख नको.

नंतर भिंत. अँड्रॉइड फोनमध्ये २०१४ पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून, ‘वर्क प्रोफाइल’ नावाची सोय आहे. एकाच फोनच्या पोटात दोन खोल्या होतात. कामाच्या खोलीतलं व्हॉट्सॲप वेगळं, गॅलरी वेगळी, नंबरांची यादी वेगळी. कामाच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. संध्याकाळी एका बटणानं ती खोली बंद करता येते, मग तिथलं काही वाजत नाही. मोठ्या कंपन्या ही सोय आपल्या नोकरांच्या फोनवर स्वतः बसवतात. आपल्यासारख्यांसाठी ‘शेल्टर’ किंवा ‘आयलंड’ अशी मोफत ॲप आहेत, ती ही खोली उघडून देतात. सगळ्याच कंपन्यांच्या फोनवर ती नीट चालतात असं नाही. आणि खोली मोडली की आतलं सगळं जातं, हे लक्षात ठेवा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘सिक्युअर फोल्डर’ असतो, शाओमीच्या काही फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’, आणि अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट स्पेस’. स्वस्तातल्या फोनमध्ये यातलं काहीच नसेल असंही होतं. साधे फोन कॉल आणि एसएमएस बहुतेक फोनवर या भिंतीच्या बाहेरच राहतात. कुणाला किती वेळा फोन केला ती यादी उघडीच असते.

मी कामासाठी दुसरं सिम घेऊन त्याचं व्हॉट्सॲप कामाच्या खोलीत ठेवते. सिमचा रिचार्ज संस्था करते. नसेल करत तर मागा.

खोली नाही करता आली तरी व्हॉट्सॲपमध्ये बरंच करता येतं. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ हे पान आज घरी जायच्या आधी उघडा. तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या संगणकावर किंवा फोनवर जोडलेलं असेल तर तिथे दिसेल, आणि तिथूनच तोडता येईल. हे जोडायला फोन अर्धा मिनिट हातात मिळाला तरी पुरतो. कामाच्या चॅटमधले फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, त्यासाठी ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा. कुलूप लावलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये, ही सेटिंग फोनमध्येच असते. मावशीच्या गावची ती हकीकत या एका सेटिंगनं टळली असती. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड लावता येतो, तो हरवला तर बॅकअपही हरवला, म्हणून वहीत लिहून ऑफिसच्या कपाटात ठेवा. ते लोखंडी कपाट एवढ्या कामाचं अजून आहे.

मुलं फोन मागणारच. त्यासाठी ‘ॲप पिनिंग’ आहे. गेम उघडून ती पिन केली की मूल त्याच्या बाहेर जाऊ शकत नाही, बाहेर पडायला पिन लागतो. ही सोय जवळजवळ प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे आणि कुणीच वापरत नाही. फोन दुरुस्तीला देताना काहींमध्ये ‘रिपेअर मोड’ किंवा ‘मेंटेनन्स मोड’ असतो. नसेल तर समोर उभं राहून दुरुस्त करून घ्या. दुकानदार तुमचा पिन कागदावर लिहून फोनला चिकटवतो, तो कागद परत आणा. हसू नका, त्याच्या दुकानातल्या कागदांवर अख्ख्या गावाचे पिन असतात.

जखमांच्या फोटोंबद्दल थोडं वेगळं सांगते, कारण तिथे दोन्ही भिंती एकदम पडतात. घाईत आपण आपल्याच फोननं फोटो काढतो. उद्या खटला उभा राहिला तर तो फोटो पुरावा होतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे ज्या यंत्रातून तो आला त्याबद्दलचं प्रमाणपत्र लागतं. तपासात पोलीस तो फोन मागू शकतात. मग तुमच्या भाचीचं साक्षगंध, तुमची बँक, तुमचं नवऱ्याशी झालेलं भांडण, सगळं त्या पाकिटात सील होऊन जातं. म्हणून जमेल तिथे बाईला आधी सरकारी दवाखान्यात न्या, जखमांची वैद्यकीय नोंद तिथे होऊ द्या. फोटो काढायचाच तर संस्थेच्या फोनवर. आणि पुरावा सुरक्षित ठेवल्याशिवाय काही पुसू नका.

आता तुमच्या मनातला प्रश्न. फोनला कुलूप लावलं की घरात पहिला सवाल येतो: ‘काय लपवून राह्यली?’ कुलूप लावलेला फोन म्हणजे भानगड, असं आपल्याकडे पक्कं गणित आहे. पुरुषाच्या फोनचा पिन विचारायची पद्धत नाही, बाईच्या फोनला पिन असायची पद्धत नाही. म्हणून मला चोरटं कुलूप आवडत नाही. लपवलेलं ॲप सापडलं तर मार वाढतो. ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं ते मला म्हणूनच पटतं. घरात उघड सांगा, ही माझ्या कामाची बाजू आहे, इथे दुसऱ्या बायांची माहिती आहे, ही दाखवली तर माझी नोकरी जाईल आणि गुन्हा दाखल होईल. संस्थेच्या लेटरहेडवर तसं पत्र घ्या. एका आशाताईनं असं पत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलं आहे. सासू आता आल्यागेल्याला अभिमानानं वाचून दाखवते.

पण जिच्या स्वतःच्याच घरात मारहाण आहे, अशी कार्यकर्ती आपल्यात असू शकते, या खोलीतही असू शकते. तिनं घाईनं काही बदलू नये. अचानक पिन बदलला, अचानक खातं बदललं की समोरच्याला कळतं, आणि तो काळ धोक्याचा असतो. तिनं आधी कुणाशी तरी बोलावं. तोवर कामाची माहिती तिच्या फोनवर नसावी, एवढं तिच्या सहकाऱ्यांनी बघावं. आपल्याकडे येणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे. पहिल्या भेटीत विचारायचं: हा नंबर कुणाचा, फोन कुणाकडे असतो, कोणत्या वेळी करू, दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू. ‘बचत गटातून बोलते’ हे पुष्कळ ठिकाणी चालतं. नाव साठवताना ‘केस’ लिहू नका.

राहिली संस्था. संस्थाचालक इथे बसले आहेत म्हणून स्पष्ट बोलते. कार्यकर्तीच्या खाजगी फोनवर काम करून घेणं म्हणजे तिच्या घरातली एक खोली भाडं न देता वापरणं आहे. फोन द्या, निदान सिम आणि रिचार्ज द्या. ऑफिसचं ॲप तिच्या फोनवर टाकायचं असेल तर वर्क प्रोफाइलमध्येच टाका. तिथे ऑफिसला फक्त ती खोली दिसते आणि पुसायची झाली तर तेवढीच पुसता येते, तिचे घरचे फोटो आणि मेसेज दिसत नाहीत. संपूर्ण फोन ताब्यात घेणारी व्यवस्था ऑफिसनं विकत घेतलेल्या फोनपुरती ठेवा, आणि त्यातून तुम्हाला काय दिसतं ते मराठीत लिहून द्या. ती नोकरी सोडून गेली तर काय करायचं तेही लिहा.

हे आता नुसतं नैतिक राहिलेलं नाही. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याची तरतूद आहे, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात. त्यात एक वाक्य आपल्या कामाचं आहे: स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागत नाही. म्हणजे तुमच्या फोनमधल्या बहिणीच्या नंबराला तो लागत नाही, आणि त्याच्याच खाली साठवलेल्या केसच्या नंबराला लागतो, जबाबदारी संस्थेची. कायद्यानं भिंत घातलेली आहे, फोनमध्ये ती नाही. मोठा दंड होईपर्यंत थांबू नका.

आणि केस संपली की माहितीही संपवा. निकाल लागला, बाई स्थिर झाली, कागद ऑफिसच्या फाइलमध्ये गेले, की फोनमधले फोटो आणि चॅट काढून टाका. गुगल फोटोजच्या ‘ट्रॅश’मध्ये ते महिना-दोन महिने पडून राहतात, तिथूनही काढा. व्हॉट्सॲपच्या ज्या ग्रुपवर ते गेले तिथूनही. ग्रुपमध्ये चाळीस जणी असतील तर चाळीस फोन आहेत. म्हणून मुळात ग्रुपवर नाव, गाव, फोटो टाकायचं नाही. ‘पवनी तालुक्यातल्या एका बाईसाठी निवारा हवा आहे, मला फोन करा,’ एवढं पुरे.

जेवणानंतर पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटात दोन चार्जर ठेवले आहेत. आधी खातं, मग लिंक्ड डिव्हाइसेस, मग स्क्रीनवरचे मेसेज, या क्रमानं जाऊ. घरी विचारल्याशिवाय खातं बदलता येणार नाही अशी कुणाची परिस्थिती असेल तर तिनं आज नुसतं बघावं, आणि मला नंतर बाजूला भेटावं.